ठाण्याचे स्टेशन आणि स्टेशनाचे ठाणे

इंग्रजी भाषेविषयी आपल्याकडे एक तक्रार फार जुनी आहे. तिच्यातल्या साध्यासुध्या शब्दांनाही धड एक अर्थ म्हणून नसतो, ही ती तक्रार. ‘फास्ट’ म्हणजे जलद, ‘फास्ट’ म्हणजे पक्का, न विटणारा, आणि ‘फास्ट’ म्हणजे उपासही! ‘केस’ म्हणजे खटला, रोगी, पेटी आणि वर व्याकरणातली विभक्ती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून मोठ्या झालेल्या पिढ्यांनी ह्या शब्दांपायी छड्या खाल्ल्या; आजची मुले गुण गमावतात. मास्तर सांगतात, ‘मागचेपुढचे वाक्य पाहा, मग अर्थ ठरवा.’ सल्ला योग्यच आहे. परंतु मराठी माणसाने ह्यातले कितीतरी शब्द पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी फलाटावर, बाजारात आणि कचेरीत उचलले होते. तिथे मागचेपुढचे वाक्य पाहायला त्याला सवड नव्हती, आणि ते वाक्य त्याला कळतही नव्हते. मग त्याने अर्थ ठरवला तो कशावरून?

ह्याचे उत्तर शोधायला ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या पट्ट्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आगगाडी प्रथम इथे आली, टपाल आले, जिल्ह्याचे कोर्ट आले, तुरुंग होताच, वेड्यांचे इस्पितळ आले, लढाईच्या दिवसांत पलटणी आल्या आणि अखेर घरांसाठी मुंबईचे चाकरमाने आले. ह्या सगळ्यांबरोबर जे शब्द आले ते चाळता चाळता माझी अशी खात्री झाली आहे की, हे शब्द इंग्रजी भाषेतून मराठीत आलेच नाहीत. ते खिडक्यांतून आले. ज्या खिडकीपुढे माणूस उभा राहिला तिथे त्या शब्दाचा जो अर्थ चालत होता, तेवढाच तो घरी घेऊन गेला. पुढे दुसऱ्या खिडकीपाशी तोच शब्द वेगळ्या अर्थाने भेटला, तेव्हा तो त्याने नवा शब्द म्हणून घेतला. दोन्हींचा उगम एक आहे ह्याची त्याला फिकीर नव्हती. म्हणून अशा एखाद्या शब्दाचे मराठीतले अर्थ मोजले की, आपले आजे-पणजे कोणकोणत्या दारांत ताटकळले होते ह्याचा हिशेब हाती येतो.

ही रीत इंग्रजांच्या आधीची आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून हिसकावला. आज त्या तटाच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे. सरकारी पाटीवर ‘कारागृह’ असले तरी लोकांच्या तोंडी शब्द आहे ‘तुरुंग’, आणि तो पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून आलेला आहे. त्रोंको म्हणजे मुळात झाडाचे खोड. खोडाला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवीत, त्यावरून बंदिखान्यालाही तेच नाव पडले. आपल्याकडेही खोडावरूनच ‘खोडा’ झाला आहे, हे पाहिले म्हणजे माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते असे वाटते. पण मराठीने त्रोंकोचे झाड घेतले नाही, फांद्या घेतल्या नाहीत; घेतला तो फक्त बंदिखाना. पोर्तुगीज अमलातल्या साध्या माणसाला त्या शब्दाची ओळख त्याच दारात झाली असणार. ‘पगार’चेही असेच. मूळ शब्द ‘पैसे देणे’ ह्या अर्थाचे क्रियापद. देणाराला ते क्रियापद होते, घेणाराला ते नाम झाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ पासून ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाऊ लागली. तिच्याबरोबर जो शब्द उतरला तो म्हणजे ‘स्टेशन’. इंग्रजीत ह्या शब्दाचा मूळ अर्थ उभे राहण्याची, नेमून दिलेली जागा. हिंदुस्थानातल्या साहेबाच्या तोंडी त्याला आणखी एक अर्थ होता: जिथे गोऱ्या अंमलदारांची नेमणूक होते ते गाव. त्या अर्थाने ठाणे हे गाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून स्टेशनच होते. ठाण्याचेच कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी १८५० साली माथेरानचा डोंगर हेरला आणि साहेबलोकांसाठी एक ‘हिल स्टेशन’ निर्माण झाले. पुढे पोलिसांचे स्टेशन, विजेचे स्टेशन, रेडिओचे स्टेशन अशी रांगच लागली. पण मराठीत नुसते ‘स्टेशन’ म्हटले की आगगाडीचेच. ‘स्टेशनावर जाऊन येतो’ असे म्हणून कोणी बाहेर पडला तर घरचे घाबरत नाहीत. ‘पोलीस स्टेशनात जाऊन येतो’ म्हणाला तर मात्र शेजारीही दारात येतात.

आता ह्यातली खरी मौज पाहा. इंग्रजी ‘स्टेशन’चा मूळ अर्थ आणि ‘ठाणे’ ह्या गावाच्या नावाचा अर्थ एकच आहे. शिलाहारांच्या लेखांत ह्या गावाचे नाव ‘श्रीस्थानक’. स्थान, ठाण, ठाणे अशी ती परंपरा. शिपायांची चौकी ती ठाणे, तिथला अधिकारी ठाणेदार, आणि हटून बसला तो ठाण मांडून बसला. म्हणजे ‘ठाणे स्टेशन’ हे अर्थाने पाहता ‘स्टेशन स्टेशन’च झाले. पुढे मराठी राजभाषा झाल्यावर सरकारने इंग्रजीतला हा एक शब्द फोडून त्याचे तीन वाटे केले: आगगाडीचे ते स्थानक, पोलिसांचे ते ठाणे, रेडिओचे ते केंद्र. इंग्रजीला जे संदर्भावर सोपवावे लागते ते मराठीने शब्दातच सांगितले, हे मला तरी चांगले काम वाटते. त्याचा परिणाम असा की, शिलाहारांचे श्रीस्थानक आठ-नऊशे वर्षांनी ‘ठाणे रेल्वे स्थानक’ म्हणून फलाटाच्या पाटीवर परत आले, आणि गावातल्या एका चौकीचे नाव झाले ‘ठाणे नगर पोलीस ठाणे’. ह्यात कोणते ठाणे कोणत्या अर्थाचे, हे परक्या माणसाला समजावून सांगताना इंग्रजीला नावे ठेवण्याचा आपला हक्क थोडा कमी होतो.

स्टेशनाच्या खिडकीतून आलेला दुसरा शब्द ‘तिकीट’. ह्याची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. कल्याणला गाडी सुरू झाली १८५४ च्या मे महिन्यात. त्याच वर्षाच्या ऑक्टोबराच्या पहिल्या तारखेपासून साऱ्या हिंदुस्थानात पत्रांवर लावायचे छापील कागदी चौकोन सुरू झाले. इंग्रजीत गाडीचे ते ‘टिकेट’ आणि पत्रावरचा तो ‘स्टँप’. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. मराठी माणसाने पाहिले की, इथेही खिडकी, तिथेही खिडकी. इथेही आधी पैसे, तिथेही आधी पैसे. आणि दोन्हीकडे हातावर पडतो तो सरकारी छापाचा कागदाचा तुकडा. एकावर माणूस पोचतो, एकावर पत्र पोचते. त्याने दोन्हींना तिकीट म्हटले, आणि पोस्टाचे तिकीट आजही तिकीटच आहे. मग ‘स्टँप’चे काय झाले? तो शब्द कोर्टाच्या आवारात, अर्ज लिहून देणाऱ्यांच्या पडवीत राहिला. मराठीत ‘स्टँप’ म्हटले की डोळ्यापुढे येतो तो खरेदीखताचा कागद, आणि त्याबरोबर थोडी धास्ती. इंग्रजीत एकाच शब्दाखाली नांदणारी पत्रावरची आणि दस्तावरची अशी दोन घरे मराठीने वेगळी केली, आणि इंग्रजीत वेगळी असलेली दोन एका छपराखाली आणली. ह्याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मला तर ह्यात विचार दिसतो. पुढे निवडणुकांबरोबर तिसरे तिकीट आले, पण ते कोणत्या खिडकीत किती पैशांना मिळते हे विचारायचे नसते.

‘पास’ हा शब्दही दोन दारांतून आला. एक दार शाळेचे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि परीक्षेत ‘पास’ होणे हा घराण्याच्या इतिहासातला मोठा प्रसंग ठरू लागला. दुसरे दार स्टेशनाचे. इथे पास होत नाहीत, पास ‘काढतात’. महिन्याचा, तीन महिन्यांचा. डोंबिवलीतला माणूस मॅट्रिक पास होई, मुंबईत नोकरी धरी आणि मग जन्मभर पास काढी. एकाच शब्दाने त्याचे चरित्र लिहून होई. इंग्रजी व्याकरणात पहिला ‘पास’ क्रियापद आहे आणि दुसरा नाम, हे आपण शाळेत शिकतो. पण मराठीने पहिल्याचे विशेषण करून टाकले आणि त्याला फारसीतला ‘ना’ जोडून ‘नापास’ असा शब्द घडवला. फारसी उपसर्ग, इंग्रजी धातू आणि मराठी अश्रू! हा शब्द इंग्रजाला कळणार नाही, इराण्यालाही कळणार नाही. आपल्याकडे मात्र पहिलीतल्या पोरालाही तो कळतो.

‘मास्तर’विषयी फार लिहीत नाही. इंग्रजीत ह्या शब्दाचा एक ठळक अर्थ धनी, मालक. तो मराठीने साफ टाकला. मालकाला आपण साहेब म्हटले, शेठ म्हटले. मास्तर कधीच म्हटले नाही. शाळेतला, स्टेशनातला, पोस्टातला आणि शिवणाच्या यंत्रावरचा, असे चार मास्तर झाले, आणि चौघांचाही पगार बेताचाच. इंग्रजीत लहान मुलाच्या नावामागे ‘मास्टर’ लावतात, त्याचा उपयोग संगीत नाटकांनी केला, म्हणून मास्टर कृष्णराव आणि मास्टर दीनानाथ. नाटकवाल्यांच्या दारातून आला तो मास्टर, शाळेच्या दारातून आला तो मास्तर. एका अक्षरावरून दार ओळखता येते.

‘लाईन’चे तर विचारूच नका. कसाऱ्याची लाईन, कर्जतची लाईन; तिकिटासाठी लावायची लाईन; वीज गेली की ‘लाईन गेली’; धंदा कोणता हे विचारायचे तर ‘कोणत्या लाईनीत आहात?’, आणि पोलीस लाईनीत राहणारे वेगळेच. तरुणांची आणखी एक लाईन असते, तिचा खुलासा वाचकांस नको. कल्याणला ह्या लाईनी फुटतात म्हणून ते जंक्शन. पण ‘अगदी जंक्शन माणूस’ म्हणताना आपण दोन रुळांचा सांधा मनात आणत नाही. जिथे गाडी पुष्कळ वेळ थांबते, चहा गरम मिळतो आणि गर्दी अफाट असते, असे काहीतरी भव्य आपल्या डोळ्यापुढे असते. सांध्याला भव्यतेचा अर्थ इंग्रजाने दिलेला नाही. तो डब्याच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशाने दिला असावा.

ह्या पट्ट्यात ज्या शब्दावर लोकांचा दिवस उगवतो आणि मावळतो तो म्हणजे ‘फास्ट’. कोशात त्याचा अर्थ वेगवान. पण वेगाचा आणि लोकलचा संबंध तसा दूरचा आहे. इथे फास्ट म्हणजे कमी ठिकाणी थांबणारी. ती रखडत रखडत गेली तरी फास्टच, आणि स्लो गाडी दोन स्टेशनांमध्ये वाऱ्यासारखी धावली तरी स्लोच. ह्याहून पुढचा अर्थ रुळांचा. ठाणे आणि दिवा ह्यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आहे. जुना मार्ग त्याला वळसा घालून मुंब्र्यावरून जाई. १९१६ साली डोंगर पोखरून सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खुला झाला आणि अंतर तुटले. तेव्हापासून बोगद्यातला मार्ग तो फास्ट आणि मुंब्र्याचा तो स्लो, अशी वाटणी शंभर वर्षांवर लोकांच्या मनात पक्की बसली होती. बोगद्याचा काळोख आला की उभ्या प्रवाशाला घड्याळ पाहावे लागत नसे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिव्यादरम्यान पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला, फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने वळवण्यात आल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाट्याला गेला. गाडीचे नाव फास्टच राहिले, पण त्या नावातला डोंगर निघून गेला. कापडाच्या दुकानात ‘रंग फास्ट आहे’ असे सांगणारा दुकानदार हा शब्द दुसऱ्या टोकाने वापरत होता: न हलणारा, न जाणारा. रेल्वेचा फास्ट मात्र जागचा हलला.

डोंबिवलीचा खास शब्द ‘ब्लॉक’. इंग्रजीत त्याचा अर्थ ओंडका, ठोकळा, अडथळा, घरांचा चौक. चाळीच्या एका खोलीत दहा माणसे, आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक संडास, अशा गिरगाव-लालबागच्या बिऱ्हाडाला जेव्हा डोंबिवलीत स्वतःची मोरी, स्वतःचा संडास आणि आतून बंद होणारे दार मिळाले, तेव्हा त्या जागेला ‘ब्लॉक’ म्हणत. ‘त्यांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतला’ ह्या वाक्यात अर्ध्या आयुष्याची काटकसर असे. त्यातली गृहिणी ‘आमचा ब्लॉक’ म्हणे तेव्हा तिच्या मनात ठोकळा नसे. पाण्याच्या नळापुढे भांडावे न लागणारी सकाळ असे. इंग्रजीचा कोणताही मोठा कोश हा अर्थ तिच्याइतका नेमका सांगू शकणार नाही. त्याच सुमारास छापखान्यात चित्र छापायच्या धातूच्या ठशालाही ‘ब्लॉक’ म्हणत, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर खेडी ‘ब्लॉका’त मोडू लागली, सरकारने त्याचे मराठी ‘गट’ केले. रेल्वेचा ब्लॉक तर जुनाच होता: दोन ठाण्यांमधला रुळाचा तुकडा, ज्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. ह्याच रेल्वेने पुढे दुरुस्तीसाठी रुळ अडवून ठेवण्यालाही ब्लॉक म्हटले आणि त्याला ‘मेगा’ जोडला. आता डोंबिवलीकर रविवारी ब्लॉकमुळे ब्लॉकमध्येच बसून राहतो, आणि ह्या वाक्याचा अर्थ त्याला कोणाला विचारावा लागत नाही.

परंतु शब्दाचे अर्थ म्हणजे नुसती गंमत नसते. कल्याणच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धात सैन्याची मोठी छावणी होती. लोक तिला ‘कॅम्प’ म्हणत. लढाई संपली, पलटणी गेल्या, बराकी उरल्या. १९४७ साली देश फाळला गेला आणि सिंधमधून घरेदारे सोडून आलेली माणसे ह्या बराकींत आणून ठेवण्यात आली. त्यांच्या दृष्टीने तोच ‘कॅम्प’ आता निर्वासितांची छावणी झाला. तंबू, बराकी, तात्पुरता मुक्काम, उद्या हलायचे, हे सगळे त्या शब्दाच्या पोटात आहे. सैनिकाला तो अर्थ बोचत नाही, त्याचे घर दुसरीकडे असते. ज्यांचे घर मागे राहिले त्यांना तो बोचला असेल ह्यात नवल नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे नगर झाले. तरीही आतल्या पाच भागांची नावे कॅम्प नंबर एक ते कॅम्प नंबर पाच अशीच राहिली. आज तिथे जन्मलेला नातू रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्या मनात पलटण नसते आणि तंबूही नसतो. तो आपल्या घराचा पत्ता सांगत असतो. एका शब्दाने सात-आठ दशकांत सैन्याचा तळ, निर्वासितांचा आसरा आणि पक्क्या घरांचे शहर असे तीन अर्थ पाहिले, आणि प्रत्येक अर्थामागे माणसांची एक पिढी होती. ‘छावणी’ हा प्रतिशब्द वापरून तो पत्ता लिहिला तर शुद्ध मराठी होईल, पण पोस्टमन पत्र परत नेईल.

उलट दिशेचेही एक उदाहरण इथलेच आहे. १९०१ साली ठाण्याला मनोरुग्णांचे इस्पितळ उघडले आणि गावाच्या नावालाच नवा अर्थ चिकटला. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रभर थट्टेने बोलले जाऊ लागले. कोर्टाच्या कामासाठी ठाण्यास येणाऱ्या पक्षकाराची ‘केस’ आणि इस्पितळात येणाऱ्या रोग्याची ‘केस’ एकाच गावात. एकीत माणूस फिर्यादी किंवा आरोपी तरी असतो, दुसरीत तो स्वतःच ‘केस’ होतो. डॉक्टर ‘केस’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रोगाचा प्रकार असतो. आपण म्हणतो तेव्हा टवाळी असते. आपण ह्या खिडकीतून जे घेतले त्याचा मला अभिमान वाटत नाही.

भाषाशुद्धीच्या चळवळीविषयी मला आदर आहे. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांनी दिले आणि आज ते परके वाटत नाहीत. पण त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की ‘स्टेशन’, ‘पास’, ‘ब्लॉक’ हे इंग्रजी शब्द आहेत. ते ठेवावेत की घालवावेत एवढाच प्रश्न उरला. माझ्या मते पोस्टाचे तिकीट, महिन्याचा पास आणि डोंबिवलीचा ब्लॉक हे इंग्रजी शब्द नाहीतच. लंडनच्या माणसापुढे ते ह्या अर्थाने ठेवले तर त्याला दुभाषा लागेल. आपल्या मुलाने इंग्रजी निबंधात पोस्टाच्या तिकिटाला ‘टिकेट’ लिहिले तर शिक्षकाने ते अवश्य सुधारावे. पण ‘तुझ्या आजीला इंग्रजी येत नव्हते म्हणून ती असे म्हणे’ असे सांगू नये. आजी मराठी बोलत होती.

आता नवी खिडकी आली आहे. ती हातात मावते. ‘ब्लॉक केले’ म्हणजे कोणाचे तोंड पाहायचे बंद केले, ‘लाईक’, ‘स्टेटस’, ‘ग्रुप’, सगळे ह्याच वाटेने येत आहेत आणि येताना एकेकच अर्थ आणीत आहेत. डोंबिवलीतल्या जुन्या ब्लॉकाच्या जागी उंच इमारती उठल्या. तिथे ‘फ्लॅट’ असतात. त्या फ्लॅटातल्या मुलाला आजोबांनी ‘आम्ही ब्लॉक घेतला तेव्हा’ म्हणून सांगायला सुरुवात केली की ते पोर विचारते, ‘कोणाला?’

सिग्नलाचे मात्र अजून बरे चालले आहे. रुळांवरून तो रस्त्यावर आला; ‘सिग्नल लागला’ म्हणजे थांबा, ‘सिग्नल सुटला’ म्हणजे निघा. हळूहळू दिव्यांचे नाव त्या चौकालाच पडले: ‘सिग्नलला भेटू’, ‘सिग्नलपुढे उतरवा’. ठाण्याच्या तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली जी कुटुंबे राहत आणि ज्यांची मुले थांबलेल्या मोटारींपुढे वस्तू विकत, त्यांचा राहण्याचा पत्ता सिग्नल हाच होता. २०१६ साली महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ह्यांनी त्याच पुलाखाली त्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘सिग्नल शाळा’.